सीएसआरच्या निधीतून तलावातला गाळ काढायचा असेल तर

तलावातला गाळ काढण्याचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि मेअखेर संपतो. कंपनीचे आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला, म्हणजे ऐन हंगामात संपते. सीएसआरमधून, म्हणजे कंपनीने कायद्याने समाजकामावर खर्च करायच्या निधीतून, होणारी गाळाची बरीचशी कामे बिघडतात ती या ओढाताणीत. जानेवारीअखेर कोणाच्या तरी लक्षात येते की निधी पडून आहे. मग धावपळ करून संस्था शोधली जाते, पोकलेन उतरते आणि मार्च संपायच्या आत बिले लागावीत म्हणून जिथे खोदायला सोपे तिथे खोदले जाते. तलावाच्या मधोमध एक खोल खड्डा तयार होतो, गाळ काठावरच ढिगाने पडून राहतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा आत येतो.

हे टाळायचे तर तयारी ऑक्टोबरात सुरू करायला हवी. खालचा सगळा हिशेब एक मध्यम पाझर तलाव गृहीत धरून मांडला आहे. गाळाचे क्षेत्र २ हेक्टर आणि गाळाची सरासरी जाडी १ मीटर, म्हणजे २०,००० घनमीटर गाळ. तो निघाला की तलावात एका भरण्याला २ कोटी लिटर जास्त पाणी मावेल.

आधी कायद्याचे

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे आधीच्या वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. हा नफा कलम १९८ प्रमाणे काढायचा असतो, नफा-तोटा पत्रकातला करोत्तर आकडा उचलून चालत नाही. वर्षाची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ते काम पाहते. मर्यादा आणि नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे ठराव करण्याआधी कंपनी सेक्रेटरीकडून ताज्या अधिसूचना तपासून घ्या.

गाळ काढणे याच कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीतल्या, पर्यावरण, नैसर्गिक संसाधने आणि माती-पाण्याची गुणवत्ता या कलमात सरळ बसते. ठरावात ते कलम नावानिशी लिहा. कारखान्याला पर्यावरण मंजुरी देताना जी कामे अट म्हणून घातलेली असतात, त्यांचा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, कारण ते कायदेशीर बंधन आहे. तुमचा कारखाना त्याच तलावातून पाणी उचलत असेल तर दुसरा तलाव निवडा. स्वतःच्या पाण्याची सोय केली असा आक्षेप निघाला तर त्याला उत्तर देणे अवघड जाते, आणि गावाचाही विश्वास बसत नाही.

खरी मेख पुढे आहे. संस्थेच्या खात्यात पैसे वळते केले म्हणजे खर्च झाला, अशी पुष्कळ हिशेब विभागांची समजूत असते. तसे नाही. संस्थेने ते प्रत्यक्ष कामावर वापरले तरच तो खर्च धरला जातो, आणि तसे प्रमाणपत्र कंपनीच्या वित्त प्रमुखाला द्यावे लागते. ३१ मार्चला संस्थेच्या खात्यात शिल्लक असलेली रक्कम ही कंपनीची न खर्चलेली रक्कम ठरते.

म्हणून गाळाचे काम सुरुवातीपासूनच ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्या. ठरावात सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, एकूण रक्कम आणि वर्षवार विभागणी लिहा. कार्यादेश ३१ मार्चच्या आधी निघालेला आणि काम सुरू झालेले असू द्या. मग उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत शेड्यूल्ड बँकेतल्या ‘अखर्चित सीएसआर’ खात्यात टाकता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत याच कामावर वापरता येते. चालू प्रकल्पाचा ठराव नसेल तर तीच रक्कम ३० सप्टेंबरपर्यंत अनुसूची ७ मधल्या सरकारी निधीत भरावी लागते आणि तुमचा तलाव अर्धवट राहतो. रक्कम वेळेत वळती केली नाही तर कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यांपैकी जे कमी तेवढा दंड होतो. जबाबदार अधिकाऱ्याला होणारा दंड वेगळा.

काम संस्थेमार्फत करायचे असेल तर तिच्याकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी, सीएसआर-१ अर्जावर मिळालेला नोंदणी क्रमांक आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. ‘अशाच कामाचा’ हा शब्द गंभीरपणे घ्या. शाळेत वह्या वाटणारी चांगली संस्था गाळाच्या कामाला चांगली ठरेलच असे नाही. मागच्या कामाची लेव्हलशीट, म्हणजे सर्व्हेअरने मोजलेल्या तळाच्या पातळ्यांचा तक्ता, मागा. ती नसेल तर त्या संस्थेने काढलेल्या गाळाचे आकडे ट्रॉल्या मोजून सांगितलेले असतात.

तलाव कोणता घ्यावा

महाराष्ट्रातले पुष्कळ पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीतून झाले. त्यांत पन्नास वर्षांचा गाळ आहे. पण गाळ आहे एवढ्यावर तलाव निवडू नका. आधी भरावावरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून, एक फेरी मारा. भरावावर मोठी झाडे वाढली असतील, सांडवा फुटला असेल किंवा खालच्या अंगाला पायथ्याशी पाणी पाझरत असेल, तर आधी दुरुस्ती, मग गाळ. फुटक्या सांडव्याच्या तलावातून गाळ काढला तर वाढलेली साठवण त्याच फटीतून निघून जाते.

मालकी शोधा. गाव तलाव ग्रामपंचायतीचा, पाझर तलाव बहुधा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाचा किंवा मृद व जलसंधारण विभागाचा, मोठा तलाव जलसंपदा विभागाचा. एकाच तालुक्यात शेजारच्या दोन तलावांचे मालक वेगळे असू शकतात. ज्याचा तलाव त्याची लेखी परवानगी आणि ग्रामसभेचा ठराव, दोन्ही हवेत. राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून नव्याने राबवली गेली. तलाव त्या यादीत असेल तर परवानगीचा रस्ता सोपा होतो आणि लहान शेतकऱ्यांना गाळ नेण्यासाठी अनुदान मिळू शकते. मात्र एकाच घनमीटरचा खर्च योजनेतून आणि सीएसआरमधून असा दोनदा लागणार नाही, हे करारात स्पष्ट लिहा.

तलावाच्या पोटात गाळपेर करणारी कुटुंबे असतात. पाणी ओसरेल तसे ती हरभरा, कलिंगड, भाजीपाला लावतात. मासेमारीचा ठेका एखाद्या सहकारी संस्थेकडे असतो. या लोकांशी डिसेंबरमध्ये बोला. पोकलेन आल्यावर बोलायला गेलात तर काम पहिल्याच दिवशी थांबते, आणि ते थांबवणाऱ्यांचे म्हणणे बरोबर असते. तलावाच्या सर्वांत खोल भागात थोडे पाणी मासे, पक्षी आणि जनावरांसाठी शिल्लक राहू द्या.

मोजणी

पाणी ओसरलेल्या भागात दर ३० मीटरवर चाचणी खड्डा घ्या आणि गाळ कुठे संपतो ते पाहा. रंग बदलतो, मुरमाचे खडे लागतात, मूळ तळ कळतो. विभागाकडे जुना नकाशा असेल तर मूळ तळाची पातळी त्यावरून पडताळा. मग सर्व्हेअरकडून पूर्ण क्षेत्राच्या लेव्हल घ्या. बेंचमार्क, म्हणजे पातळी मोजण्याची पक्की खूण, सांडव्याच्या काँक्रीटवर किंवा अशाच न हलणाऱ्या जागी रंगवून ठेवा. काम संपल्यावर याच बेंचमार्कवरून पुन्हा लेव्हल घेतल्या की दोन पातळ्यांमधला फरक हाच काढलेला गाळ.

ट्रॉल्या मोजून घनमीटर काढू नका. खोदलेला गाळ फुगतो, साधारण २० ते ३० टक्के. २०,००० घनमीटर गाळ ट्रॉलीत भरताना सुमारे २५,००० घनमीटर होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एक ब्रासची धरली तर ८,८०० खेपा होतात. ट्रॉलीच्या हिशेबाने बिल दिले तर खऱ्या कामाच्या चौथाईइतकी जास्तीची रक्कम हवेची जाते, आणि अहवालात साठवणक्षमतेचा आकडाही तेवढाच फुगतो.

कुठे आणि किती खोल

भरावाच्या आतल्या पायथ्यालगत खोदायचे नाही. भरावाखाली पाणी अडवणारा काळ्या मातीचा चर असतो आणि पायथ्याजवळचा गाळही गळती रोखत असतो. तो उचलला की पाणी भरावाखालून वाट काढते. किती अंतर सोडायचे ते भरावाच्या उंचीवर ठरते, म्हणून ते विभागाच्या अभियंत्याकडून लेखी घ्या आणि जागेवर फक्कीची रेघ मारून लाल झेंडे लावा. पोकलेनचालक रात्रीच्या पाळीत नकाशा पाहत नाही, त्याला झेंडा दिसतो.

पाझर तलाव असेल तर मुरमापर्यंत गाळ काढलेला चांगला, कारण तिथून पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना जाते. पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी पाणी साठवणाऱ्या तलावात नेमके उलटे करायचे. तिथे तळाशी चिकणमातीचा थर शिल्लक ठेवा, तो फोडला तर जानेवारीतच तलाव कोरडा पडतो. दोन्ही प्रकारांत मूळ तळाच्या खाली जायचे नाही. मुरूम आणि वाळू ही गौण खनिजे आहेत, ती उचलली की तहसीलदारांची नोटीस येते आणि सीएसआरचे काम चोरीच्या प्रकरणात अडकते. वाळू लागली तर ती जागा सोडून पुढे जा आणि तसा पंचनामा करून ठेवा.

खड्ड्यांच्या कडा उभ्या ठेवू नका. प्रत्येक मीटर खोलीला दोन मीटर आडवा असा उतार द्या आणि तळ सलग करा. पावसाळ्यानंतर पाण्याखालचा उभा कडा दिसत नाही. पोहायला उतरलेली मुले आणि पाणी प्यायला आलेली जनावरे तिथेच बुडतात. या कामातला हा सर्वांत गंभीर दोष आहे. तो टाळायला खर्च जवळपास काही लागत नाही, शेवटचे दोन-तीन दिवस पोकलेन फक्त उतार करायला ठेवायचे. शेवटचे बिल उतार तपासल्याशिवाय देऊ नका.

यंत्र आणि ट्रॅक्टर यांचा मेळ

वीस टनी पोकलेन सतत चालले तर तासाला पुष्कळ जास्त काम करते, पण ट्रॉल्या बदलण्यात वेळ जातो. हिशेबात तासाला ४५ घनमीटर धरा. दिवसाला ९ तास म्हणजे ४०० घनमीटर, आणि २०,००० घनमीटरला एका यंत्राचे ५० दिवस. तासाला १२ ते १५ लिटर डिझेलप्रमाणे एकूण सुमारे साडेपाच ते पावणेसात हजार लिटर लागेल. दोन यंत्रे लावली तर दिवस निम्मे होतात, पण मग ट्रॅक्टरही दुप्पट हवेत.

काम रखडते ते इथे. तासाला ४५ घनमीटर गाळ फुगवट्यासह उचलायचा तर वीस ट्रॉल्या लागतात, म्हणजे दर तीन मिनिटांना एक. शेत तीन किलोमीटरवर असेल आणि जाऊन-येऊन-रिकामी व्हायला ४० मिनिटे लागत असतील, तर एका पोकलेनमागे १३ ते १४ ट्रॅक्टर सतत फिरते हवेत. सहाच ट्रॅक्टर आले तर पोकलेन अर्ध्याहून जास्त वेळ उभे राहते आणि तासाच्या भाड्याने घेतले असेल तर त्या उभ्या वेळेचेही पैसे जातात. म्हणून भाडे तासावर ठरवू नका, लेव्हलने मोजलेल्या घनमीटरवर ठरवा. ठेकेदार तासाचाच आग्रह धरत असेल तर दररोज सकाळ-संध्याकाळ तासमीटरचा फोटो आणि किमान उत्पादनाची अट करारात घाला.

ट्रॅक्टर कधी मोकळे असतात तेही पाहा. ऊसपट्ट्यात कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत ट्रॅक्टर वाहतुकीला जुंपलेले असतात. मार्चमध्ये गहू-हरभऱ्याची काढणी, पाडव्यानंतर गावोगावच्या जत्रा. त्या आठवड्यांत काम निम्म्यावर येणार हे धरूनच वेळापत्रक करा. ५० दिवसांच्या कामाला कॅलेंडरवर ७० दिवस ठेवा. १ मार्चला सुरू केले तर १० मेपर्यंत संपते आणि वळवाच्या पावसाआधी हाताशी थोडे दिवस उरतात. वळवाचा एक जोरदार पाऊस झाला तर तलावाच्या पोटात ट्रॅक्टर आठवडाभर उतरत नाही.

गाळ कोण नेणार

सीएसआरने खोदाईचा खर्च करायचा आणि शेतकऱ्याने वाहतुकीचा, ही विभागणी टिकाऊ आहे. फुकट पोचवलेला गाळ बांधावर पडून राहतो. स्वतःच्या पैशाने नेलेला गाळ शेतकरी आठवड्यात पसरवतो. अगदी अल्पभूधारक आणि विधवा शेतकरी महिलांच्या वाहतुकीसाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी, नाहीतर सगळा गाळ ट्रॅक्टरवाल्यांच्याच शेतात जातो.

एका एकरात १० सेंटिमीटर थर द्यायला सुमारे ४०० घनमीटर गाळ लागतो, म्हणजे १४० ट्रॉल्या. आपल्या तलावातला गाळ साधारण ६० एकरांना पुरेल. यंत्र मागवण्याआधी ६० एकरांची यादी हातात हवी. त्यात शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, क्षेत्र, किती ट्रॉल्या नेणार आणि त्याची सही असू द्या.

गाळाचा उपयोग होतो तो मुरमाड, हलक्या, उथळ जमिनीला. भारी काळ्या जमिनीत तो टाकला तर निचरा आणखी बिघडतो, पाणी साचते, तूर आणि कपाशी पिवळी पडते. एक फुटाचा थर देण्याचा मोहही टाळावा. गाळात चिकणमाती खूप असते, जाड थर उन्हात भेगाळतो आणि पावसात चिखल होऊन बसतो. दोन ते चार इंच पसरून पावसाआधी नांगरटीने मातीत मिसळला की पुरे.

काम सुरू होण्याआधी तलावाच्या चार-पाच जागांचे नमुने माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. सामू (pH), क्षारता आणि चुनखडी एवढे तरी तपासा. सामू ८.५ च्या वर असेल तर तो गाळ शेतात नको. तलावात गावाचे सांडपाणी किंवा औद्योगिक वसाहतीचा नाला येत असेल तर जड धातूंची तपासणी केल्याशिवाय एकही ट्रॉली बाहेर काढू नका. अशा तलावाला आधी तो नाला वळवण्याची गरज असते.

पैशाची विभागणी आणि कागद

संस्थेला रक्कम एकदम देऊ नका. तीस टक्के आखणी, झेंडे आणि शेतकऱ्यांची यादी झाल्यावर, पन्नास टक्के मोजणीप्रमाणे टप्प्याटप्प्याने, वीस टक्के शेवटची लेव्हल आणि उतारांची तपासणी झाल्यावर. निधीवर मिळालेले व्याजही प्रकल्पातच लागले पाहिजे, हे करारात असावे. सर्व्हेअर, अभियंता आणि माती तपासणी हा प्रकल्पाचा थेट खर्च आहे. कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कार्यालयाचा खर्च तेवढा ५ टक्क्यांच्या मर्यादेत मोजायचा. कर्मचाऱ्यांनी एक दिवस श्रमदान केले तर चांगलेच, पण त्या वेळेचे पैसे लावून खर्चात दाखवता येत नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून सीएसआरसाठी घेतलेल्या वस्तू-सेवांवरच्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही, तेव्हा अंदाजपत्रक करासह करा.

फाइलीत असावे ते हे: ग्रामसभेचा ठराव, विभागाची परवानगी, आधीची आणि नंतरची लेव्हलशीट, तासमीटरचे रजिस्टर, शेतकऱ्यांच्या सह्यांचे खेपा रजिस्टर, अक्षांश-रेखांश दिसणारे फोटो आणि माती परीक्षणाचे अहवाल. फोटो एकाच जागेवरून, भरावावरच्या ठरलेल्या दगडावर उभे राहून काढा, नाहीतर आधी आणि नंतर यांची तुलनाच होत नाही.

परिणामाचे आकडे सांभाळून लिहा. २ कोटी लिटर ही वाढलेली जागा आहे. त्यात पाणी किती आले हे पावसावर अवलंबून. परिणाम पाहायचा तर भरावाखालच्या आठ-दहा विहिरी आणि तलावाच्या प्रभावाबाहेरच्या तीन-चार विहिरी निवडा. तयारीच्या ऑक्टोबरापासून, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत, त्यांची पाणीपातळी टेपने मोजा आणि पुढची दोन वर्षे त्याच महिन्यांत मोजत राहा. त्या आकड्यांशेजारी महसूल मंडळातला पाऊस लिहा. बाहेरच्या विहिरीही तेवढ्याच वर आल्या असतील तर ते श्रेय पावसाचे.

गाळ परत येऊ नये म्हणून

वरच्या पाणलोटात माती उघडी असेल तर गाळ परत येणारच. एकूण निधीतला चौथा हिस्सा तरी तिकडे ठेवा. उतारावर सलग समतल चर, लहान ओघळींना सैल दगडी बांध, मोठ्या नाल्याला तलावात शिरण्याआधी गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरलेला) बंधारा आणि त्यामागे गाळ बसायला खड्डा. हा खड्डा दर दोन वर्षांनी गावालाच जेसीबीने एका दिवसात साफ करता येतो. त्या खर्चाची तरतूद ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आत्ताच लिहून घ्या, कारण प्रकल्प बंद झाल्यावर कंपनीचा माणूस गावात नसतो.

पुढच्या ऑक्टोबरात, पाणी भरलेले असताना, भरावाच्या खालच्या अंगाने पायी फिरा. नवी ओल, नवे झरे किंवा गढूळ पाझर दिसला तर विभागाला त्याच दिवशी लेखी कळवा. स्वच्छ पाझर थांबून पाहता येतो, पण गढूळ पाण्यातून भरावाची माती वाहून जात असते.